बाईंच्या नावाने उघडलेलं इंटरनेट

लातूरच्या एका पतसंस्थेत मी कॉम्प्युटरचं काम बघायचो. घर नांदेडला, मी खोली करून एकटाच राहायचो. मॅनेजर एकदा म्हणाले, "पोरं दिवसभर क्रिकेट बघून राहिलीत. काहीतरी बंदोबस्त करा."

मी प्रॉक्सी सर्व्हर बसवला. ऑफिसातलं सगळं इंटरनेट त्या एका मशीनमधून जाणार, नको त्या साइट अडणार, कोणी काय पाहिलं त्याची नोंद राहणार. सकाळी एकदा आपलं नाव-पासवर्ड टाकलं की संध्याकाळपर्यंत चालायचं.

जवळच्या मुरुडहून पहिल्या एसटीने येणाऱ्या एक क्लार्क बाई होत्या. सगळ्यांच्या आधी येऊन पंखे लावायच्या, देवाच्या फोटोला उदबत्ती, मग सगळे कॉम्प्युटर सुरू. आता त्यात आणखी एक काम वाढलं. प्रत्येक कॉम्प्युटरवर त्या स्वतःचंच नाव-पासवर्ड टाकून ठेवायच्या, आल्याबरोबर लोकांचं काम अडू नये म्हणून. माझ्याही.

मला हे कळलं होतं. मी बोललो नाही. कारण त्यांच्या नावाखाली मी नको ते व्हिडिओ पाहत होतो. कोणत्या साइट अडवायच्या ते मीच ठरवलं होतं. कोणत्या सुटल्यात, तेही मलाच ठाऊक.

एके दिवशी मॅनेजर खुर्ची ओढून शेजारी बसले. "काढा रिपोर्ट. माझ्यासमोर."

त्या साइट बाईंच्या नावापुढे आल्या. कोणत्या कॉम्प्युटरवरून पाहिल्या, तो रकाना उघडायला एक क्लिक पुरे होतं. मी माऊसवरचा हात काढून घेतला.

त्यांनी बाईंना आत बोलावलं. "लेकरंबाळं असलेली बाई तुम्ही! लाज न्हाई वाटली?"

बाईंना आधी समजलंच नाही. समजल्यावर त्या साहेबांकडे नाही, माझ्याकडे वळल्या. "सर, तुम्ही सांगा की. मशीन चुकत असंल ना कधी?"

"मशीन चुकत नाही, ताई," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी त्यांचे मालक आले, राजीनामा टेबलावर ठेवून गेले. बाई बाहेर मोटारसायकलपाशी उभ्या होत्या, पदर तोंडापर्यंत ओढून. त्यांच्याच गावचा एक शिपाई आमच्याकडे होता. गोष्ट त्यांच्याआधी मुरुडला पोचली असणार. पुढे त्यांचं काय झालं, मी कधी विचारलं नाही. विचारायची हिंमत नव्हती, हे खरं.

त्यानंतर मी ते व्हिडिओ पाहणं बंद केलं. भीतीने, पश्चात्ताप फार नंतर आला.

पुढच्या महिन्याचा रिपोर्ट स्वच्छ निघाला. मॅनेजरनी तो वरपासून खालपर्यंत वाचला आणि माझ्या पाठीवर थाप मारली.

"बघा, बाई गेली अन् घाण गेली. तुमच्या मशीननं बरोबर धरलं."

"हाव साहेब," मी म्हणालो.

त्या वर्षी माझा पगार वाढला.