तीनदा विचारणारी आशाताई

आमच्या आशाताईचं एकदा विचारून कधी भागलंच नाही. ताप आहे का, जुलाब होतात का, गोळ्या घेतल्या का. दारात उभी राहून तोच प्रश्न ती तीनदा विचारायची. लोक वैतागायचे. तिचं उत्तर ठरलेलं असायचं. "पयल्यांदा माणूस लाजून सांगते, दुसऱ्यांदा भिऊन सांगते. तिसऱ्यांदा कंटाळते अन् खरं सांगते."

केनवडजवळच्या आमच्या गावात ती आशा सेविका होती आणि माझी पिठाची गिरणी. कोरोनाच्या दिवसांत मला दोन दिवस कणकण आली. तिसऱ्या दिवशी ती दळण न्यायला आली आणि उंबऱ्यावरच थांबली. "पीठ जळून राह्यलं ना वो. तुले वास नाई येत?"

दगड जास्त आवळले गेले होते, पीठ करपत होतं आणि मला काही म्हणजे काही कळलं नव्हतं. "सर्दी आहे," मी म्हणाले. तिने पुन्हा विचारलं, मग आणखी एकदा. तिन्ही वेळा मी खोटं बोलले. गिरणीवालीला कोरोना झाला म्हटल्यावर दळण कोण आणणार? आणि गाव तरी कुठे खरं बोलत होतं? घरोघर खोकत होते आणि सर्दी सांगत होते.

आशाताईने माझ्याकडे नीट पाहिलं. "मोटर जळाली म्हण अन् पंधरा दिवस गिरणी बंद ठेव. खोटंच बोलाचं तर कामाचं बोल." गावात तिनेच मोटर जळाल्याचं सांगितलं. मी गिरणीला कुलूप लावलं, पण मनातून चिडले होते.

महिनाभराने माझी आठ वर्षांची मुक्ता तापाने फणफणली. डोळे लालभडक, ओठ फुटलेले, अंगावर पुरळ, पोट धरून रडायची. वाशीमच्या डॉक्टरांनी टायफॉइड धरला. "घरात कोणाला कोरोना झाला होता?" मान वर न करता त्यांनी एकदाच विचारलं. मी नाही म्हणाले. सासूबाई नाही म्हणाल्या. नवरा भिंतीकडे बघत राहिला. चार दिवस सलाईन चाललं आणि पोरीचे हातपाय गार पडत गेले. आजही ते आठवलं की माझी मलाच थोबाडीत द्यावीशी वाटते.

पाचव्या दिवशी कोणाच्या तरी भाजीच्या ऑटोत बसून आशाताई आली. डॉक्टर मुक्ताच्या खाटेपाशीच होते.

"हिच्या मायले कोरोना झालता, डॉक्टर. वास गेलता तिचा. मागून लेकराईले असं होते म्हून आमाले मीटिंगमधी सांगतलं हाय."

मी भडकले. "तुम्हाला कोणी बोलावलं होतं इथं?"

"डॉक्टरले तीनदा विचाराले वेळ नसते, माय. म्हून आली."

डॉक्टरांनी त्याच तासाला आम्हाला अकोल्याला पाठवलं. घरातला कोरोना लेकरालाही नकळत होऊन जातो आणि मागून त्याचं शरीर स्वतःवरच उलटतं, आतून सूज येते, ती हृदयाला धरते, असं तिथे समजावून सांगितलं. मुक्ता वाचली. हृदयाची एक नस मात्र फुगलेली राहिली, ती दरवर्षी दाखवावी लागते.

परत आलो तोवर गावभर झालं होतं. गिरणीकडे कोणी फिरकेना. मी तणतणत आशाताईच्या दारात गेले आणि तोंडाला येईल ते बोलले. तिने सगळं ऐकून घेतलं. "दे शिव्या. पोरगी घरात हाय ना?" दुसऱ्या दिवशी भर दुपारी ज्वारीचा डबा डोक्यावर घेऊन ती मुद्दाम चावडीवरून आली आणि दळण होईस्तोवर गिरणीच्या दारात उभी राहिली. त्यानंतर बाकीचे डबे येऊ लागले.

मागच्या हिवाळ्यात ती गेली. जे तिला पाहून दार लावून घ्यायचे, तेच मयतीत म्हणत होते, लय चांगली बाई होती. मला त्यांचा संताप आला. पण माफी मीही कधी मागितली नव्हती.

यंदा मुक्ताच्या शाळेत तपासणीला डॉक्टर येणार होते. आदल्या दिवशी मी तिला बजावलं, हृदयाचं काही सांगू नकोस, उद्या लग्नाच्या वेळी लोक तेच काढतील. ती दप्तर भरता भरता थांबली.

"आई, डॉक्टरले तीनदा विचाराले वेळ नसते."

तापात पडल्या पडल्या पोरीने तेवढं ऐकलं होतं.