पंप बंद, वीणा चालू

किस्से काही कोणी ठरवून गोळा करत नाही. चार माणसं रोज एकाच ठिकाणी बसाले लागली, आन् त्यातला एक जण बसायच्या ऐवजी सारखा उठून राह्यला, की ते आपोआप साचतात. आमच्या कॉलनीत तो उठणारा माणूस म्हणजे रत्नाकर.

मी मुधोळकडचा. शाळेत गेलो नाही. अक्षरं ओळखली ती सप्त्यात, पोथी वाचणाऱ्याच्या शेजारी बसून. शेती सुटली तसा आदिलाबादले मुलाकडं राहाले आलो. तवा राज्य आंध्राचं होतं, मोबाइल कोणाकडं नव्हता, आन् उन्हाळा असा की दुपारी कावळाही तोंड उघडत नसे. संध्याकाळी रत्नाकरच्या हॉलमध्ये आमी जमायचो. मी, शेजारचे गंगाधर गुरुजी आन् किराणा दुकानवाला राजन्ना. पाहाले काय? तर समुद्र!

रत्नाकरनं हैदराबादहून काचेचा टँक आणला होता, खाऱ्या पाण्याचा. मीठही तिकडूनच यायचं, खास समुद्राचं, ते पाण्यात कालवायचं. आन् त्या पाण्यात माशांची एक जोडी. नारंगी अंग, त्यावर पांढरे पट्टे. समुद्र आमच्यापासून इतका लांब, की गुरुजींनी नकाशात दाखवला तरी मले खरा वाटत नसे. तो इथं खिडकीपाशी, टीव्हीच्या बाजूले!

घोटाळा एकच होता. त्या पाण्यात हवा खेळती राहाले पंप लागतो, आन् पंपाले लाइट लागते. आन् रत्नाकर नोकरीले कुठं? लाइटीच्या ऑफिसात! उन्हाळ्यात वरून हुकूम आला की गावाची लाइन काढायचं, म्हणजे लाइट बंद करायचं, काम त्याचंच. आपल्या घरी मासे गुदमरतील हे माहीत असून यानंच लाइन काढायची. पहिले मासे असे गेले. दुसरेही असेच गेले.

तिसरी जोडी आली तवा त्याची बायको मीना कमरेवर हात ठेवून म्हणाली, "ही शेवटची. ही मेली तर टँक बाहेर, आन् या खिडकीत माझं शिलाई मशीन. उजेड इथंच चांगला येते."

रत्नाकर म्हणाला, "नाही मरणार."

"तुमी नका सांगू. लाइटीले विचारून सांगा!"

तवापासून रत्नाकरचं बसणं गेलं. चहाचा कप हातात, कान पंपाकडं. पंपाचा आवाज जरा बदलला की हा उठला. त्याच्या नादानं आमचेही कान तिकडंच. गप्पा चालू असत, पण जीव कोणाचाच खुर्चीत नसे.

*

राजन्ना एकदा म्हणाला, "सार, बटन तुमच्याच हातात हाय. आपल्या कॉलनीची लाइन ठेवा ना चालू. कोण पाहून राह्यलं?"

रत्नाकर म्हणाला, "मासे पाहून राह्यले."

असा माणूस! कॉलनीची लाइन त्यानं एकदाही वाचवली नाही. फक्त एक करे. लाइन काढायच्या जरा आधी घरी फोन लावे, "मीना, काढून राह्यलो. बॅटरीचा पंप लाव." सेलवर चालणारा एक लहानसा पंप होता, तो मीना पाण्यात सोडे.

आता खिडक्या उघड्या, घरं लागून लागून. त्याच्या घरचा फोन वाजला की पलीकडं गुरुजींच्या घरी मिक्सर सुरू! आमच्या घरी पाण्याची मोटर! कोणी इस्त्री लावते, कोणी चटणी वाटते, सगळ्या कॉलनीत नुसती पळापळ. एक दिवस मीनाच्या भावाचा साधा खुशालीचा फोन आला. कॉलनीनं विनाकारण आठ दिवसांची चटणी वाटून ठेवली.

*

मग रत्नाकरनं इन्व्हर्टर आणला. घरात आनंद झाला, की आता पंखा बंद पडणार नाही. पण यानं इन्व्हर्टरवर पंखा जोडलाच नाही, फक्त टँक जोडला. म्हणे, "पंख्यानं बॅटरी लवकर उतरते."

त्याच उन्हाळ्यात रत्नाकरच्या सासूबाई यवतमाळहून आल्या. येताना लेकीचं शिलाई मशीन सोबत घेऊन आल्या, एसटीच्या टपावर बांधून. मशीन कोपऱ्यात ठेवलं, त्यावर चादर टाकली. ते तिथं बसून टँकाकडं पाहात राह्यलं.

दुपारी लाइट गेली. पंखा थांबला. टँकात बुडबुडे मजेत चालू. सासूबाई पदरानं वारा घेत बराच वेळ ते पाहात होत्या. मग म्हणाल्या, "जावाईबापू, एक विचारू?"

"विचारा ना."

"त्या मासोळीले बाजूले थोडं सरकाले सांगा. मी बसते आत."

*

एक दिवस लाइट गेली, इन्व्हर्टरही उतरला, आन् टँक उलटा वाहाले लागला. पंप थांबला तशी त्याच्या नळीनं पाण्याची उलटी धार धरली, आन् समुद्र हळूहळू फरशीवर उतरला. आमी सगळे बाहेर अंगणात. मीनानं त्याच दिवशी गहू धुऊन हॉलमध्ये वाळत घातले होते.

रत्नाकर आल्यावर पहिलं काय विचारावं? "मासे कसे हायत?"

मीना म्हणाली, "मजेत. माझ्या गव्हाले मिळालं तेवढं पाणी त्यांच्याकडंही उरलं हाय अजून."

रत्नाकरनं नळीले पाण्याच्या जरा वर बारीक छिद्र पाडलं. आता धार सुरू झाली तरी तिथं हवा शिरे आन् ती तुटे. त्याचा बंदोबस्त झाला. गव्हाचा नाही झाला. किती धुतले, तरी त्या घरच्या पोळ्यात पुढं बरेच दिवस मीठ टाकायचं काम पडलं नाही.

*

रत्नाकर ट्रेनिंगले हैदराबादले गेला, तवा टँक गुरुजींच्या ताब्यात देऊन गेला. गुरुजी जबाबदारीचा माणूस. उन्हानं पाणी आटलं की लगेच मिठाचं पाणी कालवायचे आन् भरून ठेवायचे. मले म्हणत, "आबाजी, समुद्र आटला, समुद्रच घातला. हिशोब बरोबर!" मलेही बरोबरच वाटे.

रत्नाकर परत आला तर मासे एका कोपऱ्यात तोंड घालून बसलेले. त्यानं खारटपणा पाहाची काचेची कांडी पाण्यात सोडली, ती वर येऊन डोलाले लागली. रत्नाकरनं डोक्याले हात लावला. "गुरुजी! वाफ होऊन जाते ते पाणी. मीठ काही उडून जात नाही, ते इथंच राह्यते. आटलं तर गोडं पाणी घालायचं असते!"

गुरुजींनी कांडीकडं वाकून पाह्यलं. मग हळूच म्हणाले, "हे मीच शिकवतो, सातवीले."

"मग?"

"पोरंही असंच विसरतात. मी मारतो त्यांले."

राजन्ना उठला. दुकानात गेला, फूटपट्टी घेऊन आला आन् रत्नाकरच्या हातात दिली.

पाणी एकदम गोडं करता येत नाही, मासे दगावतात. जरा जरा खारं काढायचं, जरा जरा गोडं घालायचं. ते काम मले दिलं. माझ्यासारखं सावकाश कॉलनीत कोणाच्यानंच होत नाही.

*

मे महिन्यात टँकाचं पाणी तापाले लागलं. रत्नाकरनं घरोघरी प्लास्टिकच्या बाटल्या वाटल्या, पाणी भरून फ्रीजमध्ये गोठवाले. दुपारी सगळ्यांनी आपापल्या बाटल्या आणून टँकात तरंगत सोडायच्या. बाटलीतलं पाणी बाटलीतच, थंडावा तेवढा माशाले.

अशातच गुरुजींच्या मुलीले पाहाले नांदेडचे पाव्हणे आले, भर उन्हात. आल्या आल्या म्हणाले, "आधी थंड पाणी द्या." गुरुजींनी फ्रीज उघडला. काहीच नाही! बर्फही नाही, बाटलीही नाही. सगळं समुद्रात! गुरुजी मागच्या दारानं पळत आले, टँकातून एक बाटली ओढली, धोतराले पुसली आन् पळत परत गेले.

नवऱ्या मुलाच्या आजोबानं बाटलीच तोंडाले लावली. थांबले. ओठ चाटले. पुन्हा चाटले. गुरुजींचा चेहरा असा, की स्थळ हातचं गेलंच.

आजोबा म्हणाले, "मीठ तर खाल्लं तुमच्या घरचं. आता नाही कसं म्हणावं?"

सोयरीक तिथंच ठरली. त्या लग्नात रत्नाकरले मुलाकडच्यांनी उपरणं दिलं. कशाबद्दल, ते मांडवात कोणालेच समजलं नाही.

*

आता वादळाचं सांगतो.

सकाळी सकाळी असं वारं सुटलं, की उटनूर रोडचे लाइटीचे खांब आडवे झाले. रत्नाकर चहा तसाच टाकून गेला. जाताना मीनाले म्हणाला, "इन्व्हर्टर दुपारपर्यंत पुरते. मग सेलचा पंप."

इन्व्हर्टर दुपारच्या आधीच बसला. सेलचा पंप लावला, तो थोडा वेळ चालून चूप झाला. राजन्नाच्या दुकानात सेल पाहाले गेलो, तर सगळे सेल लोकांनी बॅटऱ्यांसाठी उचलून नेलेले.

मासे वर आले, पाण्याच्या तोंडाशी, आ करून. मीना दारात उभी. म्हणाली, "मेले तर मेले. मशीन ठेवीन." पण नजर काही टँकावरून हलेना.

गुरुजींनी न्हाणीतला प्लास्टिकचा मग घेतला. टँकातलंच पाणी मगात घ्यायचं आन् उंचावरून परत त्यातच सोडायचं, म्हणजे सोबत हवा जाते. रत्नाकरनंच कधी सांगितलं होतं. मासे जरा खाली गेले. गुरुजींचा हात दुखला, त्यांनी मग खाली ठेवला. मासे पुन्हा वर!

मी म्हणालो, "गुरुजी, मग खाली ठेवू नका. सप्त्यात सात दिवस वीणा खाली ठेवता काय? या हातातून त्या हातात जाते."

गुरुजींनी माझ्याकडं पाह्यलं. त्यांनी तो मग दोन्ही हातांनी उचलला, कपाळाले लावला आन् माझ्या हातात दिला. मीही वाकून घेतला. पहारा सुरू झाला!

बातमी कॉलनीत गेली. माणसं चपला बाहेर काढून येऊ लागली. एक जण मग देते, दुसरा वाकून घेते. कोणीतरी उदबत्ती लावली. गुरुजींची बायको तुळशीचं पान घेऊन आली, ते ती टँकात सोडणार एवढ्यात मी हात धरला. म्हटलं, "वैनी, मासे अजून जिते हायत!"

राजन्ना तेलुगू माणूस, मले ताता, म्हणजे आजोबा म्हणणारा; त्याले सप्ता माहीत नाही. त्यानं मग घेतला, नमस्कार केला आन् माझ्या कानात घाबरून विचारलं, "ताता, हे किती दिवस चालते?"

म्हटलं, "सात."

त्याच्या हातून मग सुटता सुटता वाचला.

त्याचा पहारा झाल्यावर त्याले स्कूटरवर सबस्टेशनले पाठवलं. रत्नाकर चिखलात उभा राहून तार ओढून राह्यला होता. राजन्ना म्हणाला, "सार, आपली लाइन आधी जोडा."

"आधी दवाखाना. मग पाण्याची टाकी. कॉलनी शेवटी." मग न राहवून विचारलं, "पंप?"

राजन्ना म्हणाला, "पंप बंद. वीणा चालू."

रत्नाकरले काही उमगलं नाही. तो पुन्हा तारेले लागला.

दिवस कलला. गुरुजींचा खांदा गेला, माझे पाय गेले. आता मग राजन्नाच्या हातात होता, आन् घ्याले पुढं कोणी उरलं नाही. राजन्ना इकडं तिकडं पाहाले लागला.

मीना दारातून आली. मगाले तिनं दिवसभर बोट लावलं नव्हतं. मशीनवरची चादर ओढली, ओल्या फरशीवर टाकली, तिच्यावर उभी राह्यली. पदर खोचला. "आणा इकडं."

मग घेताना ती वाकली नाही. घेतला आन् सुरू झाली. गुरुजींची बायको म्हणाली, "मीना, मी घेऊ थोडा वेळ?" तिनं मान हलवली. राजन्ना म्हणाला, "अक्का, मी घेतो." तिनं त्यालेही मान हलवली. मासे धारेखाली फिरत होते, दोघंही.

आन् एकदम वर पंखा फिरला! ट्यूबलाइट फडफडली, पंप घरघरला, बुडबुडे सुटले. सगळी कॉलनी ओरडली. राजन्नानं तर मलेच मिठी मारली.

तेवढ्यात रत्नाकर दारात आला. गुडघ्यापर्यंत चिखल, अंग भिजलेलं. त्यानं उदबत्ती पाह्यली, बाहेरच्या चपला पाह्यल्या, चादरीवर उभी बायको पाह्यली. पंपाचा आवाज कान देऊन ऐकला. मग हळूच जवळ गेला आन् म्हणाला, "मीना, ठेव आता तो मग. लाइट आली."

मीनानं वळूनही पाह्यलं नाही.

"तुमच्या लाइटीचा काय भरवसा!" म्हणाली, आन् पुन्हा मग भरला.