पायाळूची कंबर

मी पायाळू. म्हणजे जन्मताना माझे पाय आधी बाहेर आले. आईला मरणाच्या दारात नेलं, पण गावाला वाटलं, देवानं डॉक्टरीणच धाडली. पायाळूनं लाथ मारली की धरलेली कंबर सुटते, असा आमच्याकडचा समज. बाभुळगावाजवळ सासरी आले तर माझ्या आधी माझ्या पायाची कीर्ती पोचलेली. बाळंतपणानंतर कंबर धरलेल्या बाया यायच्या, पालथ्या निजायच्या. मी लाथ मारून ऐटीत सांगायची, आज काही उचलायचं नाही, वाकायचं नाही. दुसऱ्या दिवशी त्या म्हणायच्या, बरं वाटते. मग माझा तोरा काय विचारता!

एकोणीसशे साठ-एकसष्टच्या सुमारास मला मुलगी झाली आणि माझीच कंबर धरली. पाळण्यातून लेकरू उचलायला वाकले की डोळ्यांपुढे काजवे. ती रडायची आणि मी पाळण्याशी उभी राहून तिच्यासोबत रडायची. स्वतःच्याच कंबरेत लाथ मारून पाहिली. धपकन पडले, तेवढंच. सासू म्हणाली, आम्ही पाच बाळंतपणं काढली अन् वावरातही गेलो. हे सारे नखरे.

शेवटी विहिरीवर शेजारणीला विचारलं, तुला माझ्या लाथेनं गुण कसा आला? ती पदर तोंडाला लावून हसली.

"लाथेनं कायचा गुन येते, बाई? तू सांगे, आज काही उचलाचं नाही. म्हून घरचे दिवसभर पडू देत."

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. पण बाई मनाची मोठी. संध्याकाळी घरी येऊन तिनं सासूला थाप मारली की आपणही पायाळूच, इतके दिवस लाजेनं सांगितलं नाही. माहेर तिचं दूर नेरकडचं, तपासायला कोण जाणार! मला हळूच लाथ मारून तिनं हुकूम सोडला, सुनेनं महिनाभर पाण्याचा गुंड काय, साधी कळशीही उचलायची नाही. सासूनं कुरकुरत पाणी भरलं, लेकरूही उचलून माझ्या मांडीवर देऊ लागली. मी पडून राहिले आणि हळूहळू वाकता येऊ लागलं.

महिना सरल्यावर एका दुपारी सासू खोलीत आली, दार लोटलं आणि माझ्यापुढे पालथी पडली.

"मार मलेबी," ती म्हणाली. "पयल्या बाळंतपणापासून दुखून राह्यली. जोरानं नको मारू. फक्त आज मले ऊठ म्हणू नको."

सासूला पाय लावायचा म्हणजे पापच. मी लावला. मग बाहेर जाऊन नवऱ्याच्या हातात गुंड दिला आणि म्हटलं, आज पाणी तुम्ही भरा.