हळदीच्या मांडवात आवाज मोजताना

इतकी वर्षं शाळा कानीकपाळी ओरडत होती, पोरांच्या हातात मोबाईल देऊ नका. आता तीच शाळा सांगते, मोबाईल घेऊन घराबाहेर पडा आणि विज्ञान शिका. सहावीतल्या माझ्या नातीला प्रोजेक्ट मिळाला: एकाच जागेचा आवाज मोजायचा, आधी गोंगाटात, मग शांततेत. मोजणारं अ‍ॅप मोबाईलमध्येच. दुसऱ्या दिवशी बाईंना दाखवायचं होतं. सून महाप्याला कामावर, म्हणजे ही ब्याद माझ्या गळ्यात.

मी चरफडतच होते, तेवढ्यात समोरच्या बिल्डिंगखाली डीजेच्या पेट्या उतरल्या आणि मी एकदम विज्ञाननिष्ठ झाले. धाकट्या जावेच्या मुलाची हळद होती.

जावेचं नि माझं का फाटलं ते सांगते. मुलगी असताना मी धवलारणींच्या, म्हणजे लग्नात धवले गाणाऱ्या बायांच्या, मागे बसून गायची. माझा आवाज खाडीपलीकडे पोचतो अशी माझी पक्की समजूत. पलीकडून कधी कोणी तसं सांगायला आलं नाही, हे माझ्या बावळट डोक्यात शिरलं नाही. मुख्य धवलारीण मला मांडवाच्या पार टोकाला बसवायची, तर मी तो मान समजून पदर सावरून बसायची. टोकाला का बसवतात, ते जावेनं या घरात आल्या आल्या चार बायकांसमोर मला समजावलं. तेव्हापासून मी तिला पाण्यात बघते. तीही मला बघते.

नातीला म्हटलं, "चल बाय, गोंगाट फुकट मिळतोय." मनात वेगळंच होतं. आकडा हाती आला की सोसायटीच्या ग्रुपवर टाकायचा आणि पेट्या बंद पाडायच्या.

मांडवात नातीनं मोबाईल समोर धरला. काटा सरळ लाल पट्ट्यात गेला. तिनं फोटो काढून ठेवला. मी जावेसमोर जाऊन ओरडले, "बंद कर ती पेटी. मशीनच सांगतंय, कान फुटतील."

"आयकू येत नाय, जाऊबाय," ती म्हणाली आणि डीजेवाल्याला अंगठा वर करून दाखवला. आवाज वाढला. मीही वाढवला.

माझं असं चालू असताना नात तिच्याकडे गेली आणि कानात काहीतरी बोलली. जावेनं हात वर केला. डीजे बंद.

मला काय ठाऊक बंद होणार ते. मी वाक्याच्या मध्यावर होते. "...सात पिढ्यांत इतका अकलेचा कांदा कोन झाला नाय," एवढं सगळ्या मांडवाला स्वच्छ ऐकू गेलं.

नात स्क्रीनकडे बघत होती. "आजी, मी शांततेचं रीडिंग घेत होते. तू लाल पट्ट्यात गेलीस."

"डीजे परवडला, बाय," जाऊ म्हणाली. "त्याला बटन तरी हाय."

नवरदेवसुद्धा हसला. नातीला मात्र हसू येईना. "परत घ्यावं लागेल. डीजेवाले काका म्हणतात, एकच मिनिट बंद ठेवीन. आजी, प्लीज. उद्या द्यायचंय गं." तिचा आवाज रडवेला झाला होता. मी मान डोलावली.

मांडव गप्प झाला. पोरीनं श्वास रोखून मोबाईल धरला. आणि जावेनं हळदीचं ताट उचललं.

ती सावकाश चालत आली. बांगड्या वाजू नयेत म्हणून त्या कोपरापर्यंत सरकवल्या होत्या, एवढी काळजी. मग आधी माझे गाल, मग गळा, मग चष्म्याच्या दोन्ही काचा. निवांत. मी हुं केलं असतं तरी नातीचं रीडिंग गेलं असतं, आणि ते तिला पुरतं माहीत होतं. शेवटी तिनं माझे ओठ माखले. मी चवीसकट सगळं गिळलं.

"झालं," नात म्हणाली. "मस्त आलं."

मी तोंड उघडलं. जावेनं डीजेवाल्याला पुन्हा अंगठा वर केला.