चिंचेकडून जाणारी लाइन

औरादहून बिदरला जाणाऱ्या सकाळच्या बसमध्ये पंचशीला कायम डाव्या खिडकीशी बसायची. ती जागा कुणी आधीच धरली असेल तर उभी राहायची, पण उभी राहायची तीही डाव्या बाजूलाच. कंडक्टरची समजूत होती की बाईंना ऊन सोसत नाही. उन्हाचा काडीचा संबंध नव्हता. गाव सुटताना नाल्यावरचा पूल लागतो आणि पुलाच्या डाव्या अंगाला, अगदी काठावर, एक जुनी चिंच आहे. बस पूल ओलांडेपर्यंत पंचशीला त्या चिंचेकडे बघायची. हात जोडायची नाही, डोळे मिटायची नाही, नुसती बघायची. पूल संपला की पिशवीतून चष्मा काढून पुसायची आणि मग तिचा दिवस सुरू व्हायचा.

तिची पहिली मुलगी बारशाआधीच गेली होती. पंचशीला बाजेवरून उठायच्या आत सासरे माणिकराव आणि वस्तीतले एक म्हातारे त्या लेकराला दुपट्यात गुंडाळून घेऊन गेले. एवढ्या लहान जिवाला त्यांच्याकडे जाळत नाहीत, नाल्याकाठी पुरतात. वर दगड ठेवत नाहीत, पाटी लावत नाहीत. आईला तर नेतच नाहीत, आणि बापाच्या हाताला ती माती लागू नये म्हणून बापालाही नेत नाहीत. नवरा, अमरदीप, दारातच बसून राहिला होता. माणिकराव हातपाय धुऊन घरात आले तेव्हा तिनं विचारलं होतं, कुठं ठेवलं? "चिंचेखाली," ते म्हणाले, "सावली हाय." त्यानंतर त्या घरात तो विषय कुणी काढला नाही. पुढे दोन मुलं झाली, शाळेत जायला लागली, अमरदीपला हैदराबादला नोकरी लागली. पंचशीलाची चिंच मात्र चुकली नाही.

आता तिच्या कामाविषयी. ती बिदरमधल्या एका इंजिनिअरच्या ऑफिसात ड्राफ्ट्समन होती. बाई असून ड्राफ्ट्समन कशी, असं तिथं कुणी विचारत नाही. पगाराच्या कागदावर तसंच छापलेलं असतं. गावोगावच्या पावसाच्या पाण्याच्या गटारांचे नकाशे काढणं हे तिचं काम. पूर्वी हे ट्रेसिंग पेपरवर शाईनं चालायचं, आता सगळं सॉफ्टवेअरवर. कुठल्या छपराचं, कुठल्या रस्त्याचं पाणी कुठल्या तोंडातून आत शिरेल, पाइप किती जाड लागेल, उतार पुरतो की नाही, हे ते सांगतं. उतार कमी पडला की रेघ लाल होते, पुरला की हिरवी. माणसानं विचारलं नाही तर ते बोलत नाही आणि विचारलं तर खोटं बोलत नाही. घरातल्या चार माणसांपेक्षा हे बरं, असं पंचशीला कधी कधी गमतीनं म्हणायची.

या कामाची एक रीत आहे. सुरुवात शेवटापासून करायची. पाणी अखेर जिथं सोडायचं ती जागा आधी ठरवायची आणि तिथून एकेक मॅनहोल मांडत उलटं वर गावात शिरायचं. ऑफिसात औरादचं काम आलं, बाजाराच्या बाजूला दरवर्षी गुडघ्याएवढं पाणी तुंबतं म्हणून, तेव्हा ते आपसूक तिच्याकडे आलं. तुमचं गाव आहे, तुम्हीच करा, असं साहेब म्हणाले. साहेब म्हणजे बसलिंगप्पा, भाल्कीकडचे, रागीट पण मनाचे सरळ.

पंचशीलानं मोजणीचा नकाशा उघडला. पाणी सोडायला नाल्याचा एवढासा काठ मोकळा होता. एका बाजूला पूल, दुसऱ्या बाजूला उघडा खडक. मधे मोजणीवाल्यांनी चिंचेच्या जागी एक हिरवं वर्तुळ काढलं होतं आणि सरळ, सोपी, स्वस्त लाइन बरोबर त्या वर्तुळातून जात होती. तिनं जमिनीचा उभा छेद काढून बघितला. वर जमिनीची रेघ, खाली पाइपची रेघ. त्या दोन रेघांच्या मधे आपली पोर आहे, हे तिला पडद्यावर धडधडीत दिसलं. सॉफ्टवेअरला ते ठाऊक असायचं कारण नव्हतं. तिनं स्क्रीन बंद केली आणि नळावर जाऊन तोंड धुतलं.

मग पदर खोचून कामाला लागली. पुलाच्या वरच्या अंगाला लाइन नेऊन पाहिली, तर पाण्याला चढ चढावा लागत होता. रेघ लालभडक झाली. खडकाकडून नेली, तीही लाल. शेवटी चिंचेला वळसा घालून, एक मॅनहोल वाढवून, पलीकडच्या बाभळींच्या झुडपातून तिनं वाट काढली. उतार जेमतेम पुरला. रेघ हिरवी झाली तशी ती नकाशा घेऊन साहेबांकडे गेली.

"झाड वाचवलंत, छान केलंत," बसलिंगप्पा म्हणाले. "एक मॅनहोल वाढतंय, वाढू दे. आजकाल झाड तोडायचं म्हटलं की शंभर परवानग्या."

त्या संध्याकाळी औरादच्या स्टँडवर उतरल्यावर तिला शेजारच्या वयस्क चांगुणाबाई भेटल्या. भाजीची रिकामी पाटी घेऊन त्या पुलापलीकडच्या गावच्या आठवडी बाजारातून घरी निघाल्या होत्या. त्यांची दोन लेकरं अंगावरची असतानाच गेली होती आणि त्यांनाही चिंचच ठाऊक होती. बाजाराला जाताना त्या पुलावर पाटी खाली ठेवायच्या, क्षणभर थांबायच्या, पाटी उचलायच्या. गटाराचं मोठं काम येणार आणि चिंच जाणार, अशी आवई वस्तीत उठलीच होती.

"चिंच जायनाय, अक्का," पंचशीला म्हणाली. "मी लाइन बाजूनं काढली."

चांगुणाबाईंनी पाटी खाली ठेवली आणि दोन्ही हात तिच्या गालांवरून फिरवून बोटं मोडली. "लई उपकार झाले गं माय. समद्या बायांला सांगते बघ."

घरी आल्यावर तिनं चहा टाकला आणि हीच गोष्ट माणिकरावांना सांगितली. उत्साहात सांगितली. आयुष्यभर अडतीत पोती वाहून वाकलेला तो माणूस, कुणाच्या अध्यात ना मध्यात. त्यांनी कप हातातच धरून ठेवला.

"बाजूनं म्हणजे कोणीकडून?"

"बाभळीकडून, मामा."

त्यांनी कप बशीत ठेवून बाजूला सारला. मग म्हणाले, "चिंचेखाली कुणीच न्हाई, पोरी."

"म्हंजी?"

"चिंचेखाली समद्या मुळ्या हायत. कुदळ चालत न्हाई. लेकरं बाभळीकडं हायत. तिथली माती मऊ हाय. आपली बी तिथंच हाय. चांगुणाची बी. समद्यांचीच."

पंचशीला त्यांच्यासमोर येऊन बसली. "मग मला चिंच कामून सांगितलाव?"

"बायांला चिंचच सांगत्यात. माझ्या मायला बी तीच सांगितली हुती. खरी जागा सांगितली की बाई तिथं जाऊन बसती, माती उकरती, घरादाराला परत येत न्हाई. चिंच पुलावरून दिसती. बाईनं लांबून बघावं अन् पुढं जावं. जुन्या माणसांनी तसं ठरिवलंय."

तिला राग आला, आणि तो खराच होता. एवढी वर्षं आपण एका रिकाम्या झाडाकडे बघत जगलो, असं तिला वाटलं. मुळ्यांत कुदळ चालत नाही हे आपल्यासारख्या रोज खोदाईचे नकाशे काढणाऱ्या बाईच्या एकदाही लक्षात येऊ नये, याचाही राग आला. पण मग तिनं म्हाताऱ्याकडे बघितलं. त्या दिवशी दुपटं उचलून नेणारे हात हेच होते आणि इतकी वर्षं खरी जागा एकट्यानं पोटात ठेवून तेही त्याच पुलावरून ये-जा करत होते. "मामा, तुमी कसं सोसलाव हे?" एवढंच ती म्हणाली. म्हाताऱ्यानं धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं.

दुसऱ्या दिवशी ती स्क्रीनसमोर बसली तेव्हा तिला आपलं काम लख्ख कळत होतं आणि म्हणूनच हात उचलत नव्हता. वाटा दोनच होत्या. बाभळीतून लाइन गेली तर चिंच राहील, आयांचं बघणं राहील आणि खाली जेसीबीचा पंजा त्यांच्याच लेकरांवर पडेल. चिंचेतून नेली तर लेकरं शांत राहतील, पण वस्तीतल्या प्रत्येक आईच्या डोळ्यांसमोर तिच्या लेकराची जागा उकरली जाईल. बायांना खरं सांगावं तर त्यांची चिंच आजच जाईल आणि त्या बाभळीत जाऊन बसतील. न सांगावं तर कालचं वचन मोडून सगळ्यांच्या शिव्या खाव्या लागतील. तिनं तिसरी वाट पुन्हा शोधली, पुलाकडून, खडकाकडून. रेघा पुन्हा लाल झाल्या.

तिनं वळसा पुसला. वाढवलेलं मॅनहोल काढलं. लाइन सरळ चिंचेतून गेली आणि चांगली ठळक हिरवी झाली, जणू सॉफ्टवेअर पहिल्यापासून याचीच वाट बघत होतं. बाभळींच्या पट्ट्याभोवती तिनं तुटक रेघेची चौकट आखली आणि आत इंग्रजीत टीप लिहिली: माती सैल, इथे खोदकाम करू नये. त्यात खोटं काही नव्हतं.

बसलिंगप्पा चिडले. "काल झाड वाचवलं म्हणून मी शाबासकी दिली, आज तुम्हीच तोडायला निघालात? काय चाललंय, अक्का?"

"माती सैल आहे, सर. लाइन टिकणार नाही."

त्यांनी तिच्याकडे जरा निरखून बघितलं. ते तिला अक्का, म्हणजे थोरली बहीण, म्हणायचे ते उगाच नाही. मग सही केली.

परवानग्या आल्या आणि चिंच तोडायच्या दिवशी तिनं रजा घेतली. पुलावर वस्तीतल्या बाया जमल्या होत्या. कुणी मोठ्यानं रडत नव्हतं. मोठ्यानं रडायला समोर मढं लागतं, इथं तर झाड होतं. विहारातल्या भिक्खूंनी वंदना म्हटली, बायांनी मेणबत्त्या लावल्या, वाऱ्यानं त्या विझल्या. पंचशीला जवळ गेली तसं बायांनी तिला वाट करून दिली नाही. एक जण दुसरीला म्हणाली, शिकली की आपली राहत न्हाई. तिनं ऐकलं आणि मान खाली घातली. माणिकराव लांब, पुलाच्या कठड्याला टेकून उभे होते. ते एकदा पुढे आले, तोंड उघडलं, पण पंचशीलानं मान हलवून त्यांना थांबवलं. एवढी वर्षं त्यांनी हे पोटात सांभाळलं होतं, आता तिची पाळी होती.

करवतीनं झाडाला धरलं तेव्हा चांगुणाबाई वळून तिच्यासमोर आल्या. डोळे कोरडे होते. त्यांनी शिवी दिली असती तर पंचशीलाला सोपं गेलं असतं.

"तू म्हनलीस जायनाय म्हणून. मी समद्यांला सांगितलं." त्यांचा आवाज बसला होता. "आता कुठं बघू गं मी?"

पंचशीला त्यांच्याजवळ सरकली. खरं ओठांपर्यंत आलं आणि तिनं ते गिळलं. तिनं म्हातारीच्या खांद्याला धरलं, करवतीकडे पाठ करून तिला हळूच वळवलं आणि पलीकडच्या बाभळींच्या समोर उभं केलं. पिवळी फुलं आली होती. खाली गवत होतं, कुणी तुडवलेलं नव्हतं.

"तिकडं बघा, अक्का."

"तिकडं? कामून?"

"तिकडं बघत जावा. मी बी तिकडंच बघणार हाय."

चांगुणाबाईंनी तिच्या तोंडाकडे बघितलं, मग लांब उभ्या असलेल्या माणिकरावांकडे बघितलं. म्हाताऱ्यानं नजर खाली वळवली. मागे चिंच कोसळली तेव्हा सगळ्या बाया किंचाळल्या, पण चांगुणाबाई वळल्या नाहीत. त्यांनी डोक्यावरचा पदर नीट केला आणि बाभळीकडे बघत तशाच उभ्या राहिल्या.