बेबी कोणाची

ताईच्या सासऱ्यांइतकं सुंदर खोटं बोलणारा माणूस अख्ख्या भिलाईत झाला नसेल, आणि त्यांच्या खोट्यानं कोणाचं वाईट झाल्याचं मी कधी ऐकलं नाही. ताई त्यांना मामाजी म्हणायची, म्हणून आम्ही भावंडंही मामाजीच म्हणायचो. प्लांटमध्ये ते क्रेन चालवायचे. आभाळ स्वच्छ असलं की त्या क्रेनवरून थेट नागपूर दिसतं, असं ते सांगत. एकदा एका बड्या साहेबाची मोटार रस्त्यात आडवी लागली होती, तर मामाजींनी ती साहेबासकट अलगद उचलून पलीकडे ठेवली आणि साहेबांची झोपही मोडली नाही. त्यांची क्रेन मिलच्या छताखाली चालायची, तिथून नागपूर सोडा, आभाळही दिसत नाही, हे भाऊजींनी आम्हाला पुष्कळ नंतर सांगितलं. तोवर आम्ही नागपूर पाहून चुकलो होतो. मामाजींना साखरेचा त्रास होता. ताईनं हातातली जिलेबी काढून घेतली तर ते गंभीर चेहऱ्यानं म्हणत, "डॉक्टरनं लिहून देली हाये वो सूनबाई. गोल असते ना, शुगर मोजाले सोपी जाते."

रिटायर झाल्यावर त्यांनी बँकेचं कर्ज काढून म्हशी घेतल्या. जुनवानीच्या टोकाला त्यांचं घर होतं, मागे मोकळी जागा होती. म्हशींना त्यांनी प्लांटमधली नावं दिली. सगळ्यात काळी ती कोकओव्हन, आणि धार काढताना लाथ मारायची ती ब्रेकडाऊन. नातवंडं हिंदीत बोलत, शेजारी हिंदीत बोलत, पण म्हशींशी मराठीतच बोलायचं असा गोठ्याचा नियम होता. कोणी हिंदीत हाकललं की मामाजी म्हणत, "तिले समजून नाही राहिलं बाप्पा. ते वर्धेकडची हाये." ती दुर्गच्या बाजारातून आणलेली होती. दूध मात्र त्यांनी कधी पातळ केलं नाही. तेवढ्या एका बाबतीत त्यांचा खोटेपणा लुळा पडायचा.

बेबी ही या म्हशींतली नव्हे. बोरसीतल्या एका ओळखीच्या घरी म्हैस वगारीला जन्म देऊन मेली आणि ती वगार जगेल अशी कोणाला आशा नव्हती. मामी, म्हणजे ताईच्या सासूबाई, तिला ऑटोरिक्षात मांडीवर घेऊन आल्या. औषधाच्या बाटलीला निपल लावून त्यांनी तिला वाढवलं. मामी फार कमी बोलणाऱ्या बाई. दोघांच्या वाटचं बोलणं मामाजीच उरकून टाकायचे. पण बेबीच्या गळ्याखाली खाजवत त्या तासन्‌तास काहीबाही सांगत बसत. बेबी मोठी झाली, व्याली, दूध देऊ लागली, तरी मामी दिसल्या की अंगावर पिणाऱ्या लेकरासारखी त्यांच्या पदराला तोंड लावायची.

एका पावसाळ्यात पोट फुगून कोकओव्हन मेली. म्हशींचा विमा होता, पण विम्यासाठी मेलेल्या जनावराचा बिल्ला लावलेला कान कापून दाखवावा लागतो. मामाजी विळा घेऊन तिच्याजवळ बसले आणि तसेच उठले. "जिती असताना जे कान हालवून माह्यं आयकत होती, तिचा कान कापू का मी?" असं म्हणून त्यांनी तिला दोन्ही कानांसकट पुरलं. विमा बुडाला. बँकेला कळवायचं त्यांनी आज-उद्यावर ढकललं, आणि एक दिवस बँकेचा माणूस तारणातली जनावरं पाहायला दारात येऊन उभा राहिला. ज्यांनी साहेबाची मोटार उचलली होती त्या मामाजींना त्या वेळी एक शब्द सुचेना. मामी मागच्या दारानं गेल्या, बेबीला सोडलं आणि कोकओव्हनच्या रिकाम्या जागी बांधलं. "आजच्या दिवस इथं उभी राह्यजो माय," एवढंच त्या म्हणाल्या. साहेबानं लांबूनच म्हशी मोजल्या, कानातले बिल्ले काही पाहिले नाहीत, चहा घेतला आणि गेला.

त्यानंतर दोन-तीन वर्षांत मामी आजारी पडल्या. दवाखान्यात शेवटच्या दिवसांत त्यांनी लेकीला, सुनंदाताईंना, जवळ बोलावून सांगितलं, "बेबी तुयी. इकजो आन् मशीन घेजो." सुनंदाताई खुर्सीपारला राहायच्या. नवरा ठेकेदाराकडे कामाला, काम असलं तर असलं. त्यांना चांगली शिलाई मशीन घेऊन घरातच दुकान टाकायचं होतं. मामाजी पलंगाच्या पायथ्याशी उभे होते. त्यांनीही हो म्हटलं.

मामी गेल्या आणि मामाजींच्यानं गोठा होईना. गुडघेही राहिले नव्हते. त्यांनी सगळ्या म्हशी एकाच व्यापाऱ्याला विकल्या. हप्ते थकलेले होतेच. बँकेनं व्यापाऱ्याला परस्पर कळवलं की ही जनावरं आमच्याकडे तारण आहेत, पैसे आमच्याकडे भरा. बाकीच्या म्हशींबद्दल मामाजींनी हूं की चूं केलं नाही. घेतलं होतं ते द्यायचं, असं त्यांचं सरळ होतं. पण बेबीचेही पैसे त्यातच गेले, तेव्हा सुनंदाताई कोर्टात गेल्या. बेबी कर्जातून घेतलेली नव्हती, आईची होती, आईनं मला दिली, असं त्यांचं म्हणणं. आणि साक्षीदार एकच, मामाजी.

भाऊजींची ड्यूटी असायची म्हणून तारखांना मामाजींना स्कूटरवर दुर्गला मीच नेत असे. साक्षीच्या दिवशी वकिलांनी त्यांना बाजूला घेऊन समजावलं, "काका, म्हैस बायकोची होती, एवढंच सांगा. बँकेचा माणूस पाहायला आला होता त्याबद्दल विचारलं तर आठवत नाही म्हणा. तारणात दाखवली म्हटलं की ती बँकेचीच ठरेल." आम्हाला कसलीच काळजी नव्हती. इतकं साधं खोटं तर मामाजी झोपेतही बोलले असते.

मामाजींनी इस्त्रीचा सदरा घातला होता. जजसाहेबांना त्यांनी हात जोडून जयभीम केला. आमच्या वकिलांच्या प्रश्नांना त्यांनी छान उत्तरं दिली. मग बँकेचे वकील उठले. त्यांनी आवाजही चढवला नाही.

"बाबूजी, बैंक का आदमी जाँच के लिए आया था, उस दिन ये भैंस आपने दिखाई थी? मरी हुई भैंस की जगह?"

सुनंदाताई समोर बाकावर बसल्या होत्या, हातातली पिशवी घट्ट धरून.

"दिखाई थी साहब," मामाजी सुनंदाताईंकडे हात करून म्हणाले. "उसकी माँ ने खड़ी करी थी." मग, कोणी विचारलं नसताना ते म्हणाले, "हमारी इज्जत के वास्ते."

निकाल लागायला पुढं काही महिने गेले, पण केस त्या दुपारीच संपली होती. आम्ही बाहेर आलो. व्हरांड्यात सुनंदाताईंनी विचारलं, "बाबा, कावून सांगतलं?" आवाजात राग नव्हता, म्हणूनच ते ऐकवेना.

मामाजींनी चष्मा काढून पुसायला घेतला. "मी नाही म्हणणारच होतो व," ते म्हणाले, "जिभीवर आलं होतं. पण मी नाही म्हणलो असतो, तं तिनं केलं ते केलंच नाही असं झालं असतं. माह्यासाठी तिनं आपली बेबी देली होती, सुनंदा. मी ते कसं पुसून टाकू?"

सुनंदाताईंनी त्यांच्या हातातला चष्मा घेतला, आपल्या पदरानं पुसला आणि त्यांच्या डोळ्यांवर लावून दिला. "चला," त्या म्हणाल्या, "सकाळपासून काही खाल्लं नाही तुमी."

मशीन आली नाही. सुनंदाताई दुसऱ्यांच्या दुकानातून साड्या फॉल लावायला आणत, त्याच आणत राहिल्या. लेकीला आपणच बुडवलं हे मामाजींच्या मनातून काही केल्या जाईना. नातवंडांनी क्रेनची गोष्ट मागितली तर म्हणत, "मिलमधून काही नसते दिसत बेटा. धूळ असते." ताई सांगते, हे ऐकून तिनं स्वयंपाकघरात जाऊन रडून घेतलं.

त्यानंतर एकदाच मी त्यांना पूर्वीसारखं पाहिलं. तो म्हशींचा व्यापारी त्यांना बाजारात भेटला होता. बेबी राजनांदगावच्या पुढं एका गावात दिली, धनी चांगला आहे, आणि ती पुन्हा व्याली, असं त्यानं सांगितलं. मामाजी मला फाटकातच अडवून म्हणाले, "वगार झाली म्हणते. मायवर गेली असंल का?" आपण एकदा जाऊन पाहून येऊ, असं आमचं ठरलं. थंडी पडली की जाऊ म्हणालो. थंडी पडली तेव्हा त्यांचे गुडघे सुजले होते, मग उन्हाळा आला, आणि पुढच्या थंडीपर्यंत मामाजी राहिले नाहीत.

गावाचं नाव मला अजून पाठ आहे. मागे एकदा सुनंदाताई म्हणाल्या, "जाऊन येऊ का आपण?" मी हो म्हटलं. पण दोघंही उठलो नाही. तिथं जाऊन काय सांगायचं, आणि बेबीनं ओळखावं असं आमच्यात कोण उरलं होतं?