मोर्शीचं स्थळ

मामीला निवड करायला वेळ लागत नसे. साडी असो, चप्पल असो की जावई, पहिल्या नजरेत जे भरलं तेच घ्यायचं, हा तिचा खाक्या. "एक डाव पाहाव, घ्याव अन् निंघाव. दुसऱ्यांदा पाह्यलं का घोळ होते," ती म्हणायची.

पातूरजवळ मामा-मामीचा मळा. वांगी, मेथी, कोथिंबीर. तोडलेला माल घेऊन मामी स्वतः अकोल्याच्या बाजारात बसायची. गिऱ्हाईक एकच वांगं उलटसुलट करून पाहू लागलं की तिचं डोकं फिरायचं. "भाजी कराची हाये का लग्न लावाचं हाये त्याच्यासंगं?"

ती माझ्याकडे अमरावतीला आली होती तेव्हा मी तिला सिनेमाला नेलं. सिनेमा प्रेमाचाच होता, पण जरा वेगळा. एका मुलीचा फोन वाजतो. तिने तो उचलला तर एक आयुष्य. नाही उचलला तर दुसरं, दुसऱ्याच माणसाबरोबर. पडद्यावर दोन्ही आळीपाळीने चाललेली. मामी मला कोपराने ढोसत होती.

"आता हे कोणतं?"

"फोन उचललेलं."

"अन् खरं कोणतं?"

"दोन्ही, मामी."

"असं कसं दोन्ही?"

पलीकडच्या अनोळखी बाईलाही तिने विचारून पाहिलं. तिलाही सांगता आलं नाही. परत येताना मामीने ऑटोवाल्याशी भाड्याची घासाघीससुद्धा केली नाही. असं मी कधी पाहिलं नव्हतं.

ती गावी गेल्यावर काही दिवसांनी मामाचा फोन आला. "काय दाखवलं व पोरी तू तिले? मेथीची जुडी हातात घेऊन नुसती उभी राह्यते. गिऱ्हाईक भाव विचारते, तं 'सांगतो थांबा' म्हणते."

मामीने त्याच्या हातातून फोन घेतला आणि मला कुणीच कधी न सांगितलेली गोष्ट सांगितली. लग्नाच्या वेळी अकोल्याला, तिच्या माहेरी, तिला पाहायला एकाच दिवशी दोन स्थळं येणार होती. सकाळी मोर्शीचं, संत्र्याच्या बागेवालं. दुपारी पातूरचं, म्हणजे मामा. मोर्शीचे आलेच नाहीत. निरोपही नाही. मामा आला, पोहे खाल्ले, आणि तिच्या वडिलांनी होकार देऊन टाकला.

"इतके वर्स मले त्याची यादबी नव्हती," मामी म्हणाली. "आता जीव उलटापालटा होऊन राह्यला. तुहा मामा चांगला हाये. मले काही कमी नाही. मंग हे काय हाये व?"

मागून मामाचा आवाज आला, "चाल, पाहूनच येऊ."

मला वाटलं, चेष्टा करतोय. पण संत्र्याच्या कलमांचं निमित्त काढून दोघं खरंच अमरावतीला आले, आणि मलाही बरोबर घेऊन मोर्शीला निघाले. मामाने नवा शर्ट घातला होता. रस्ताभर तो सारखा कॉलर नीट करत होता.

मामीला आडनाव आठवत होतं, त्यावरून विचारत आम्ही बागेवाल्यांचं घर गाठलं. ते गृहस्थ अंगणात बाजेवर बसले होते. त्यांच्या बायकोने चहा आणला. कलमांचा विषय निघायच्या आतच मामीने विचारलं, "भाऊ, तुमी अकोल्याले पोरगी पाहाले येणार होते. काहून नाही आले?"

त्यांनी तिच्याकडे नीट पाहिलं. चेहऱ्यावर लबाडी नव्हती, ओळखही नव्हती. "अकोल्याले? ताई, मले खरंच याद नाही."

त्यांच्या बायकोने सोललेलं संत्रं मामीच्या हातात ठेवलं. "याईले कालचं याद राह्यत नाही, बाई. तुमी संत्रं खा."

परतीच्या वाटेवर मामी धुसफुसत होती. "निदान गाडी बंद पडली म्हणाव! कोणी बिमार होतं म्हणाव! काही कारणच नाही?"

मामा खिडकीबाहेर पाहत म्हणाला, "मीबी त्या दिवशी निंघणार नव्हतो."

"मंग काहून आले?"

"मलेबी याद नाही."

तो खरं बोलत होता, तिची समजूत घालत होता, की रागावला होता, हे मला आजही कळलेलं नाही.

अमरावतीच्या स्टँडवर अकोल्याची एसटी लागलेली होती. दोघं चढले. मामी खिडकीशी बसली. मामा पाण्याची बाटली आणायला खाली उतरला, आणि तेवढ्यात कंडक्टरने घंटी मारली. गाडी हलली.

मामी ताडकन उठली. "थांबवा! थांबवा गाडी! माहा माणूस खाली हाये!" लोकांच्या पिशव्या तुडवत ती दारापर्यंत पोचली. गाडी कचकन थांबली. मामा आपला रमतगमत येत होता. मामीने त्याचं मनगट धरून त्याला वर ओढलं आणि जागेवर बसेपर्यंत सगळ्या गाडीदेखत त्याची खरडपट्टी काढली.

मी खिडकीपाशी गेले. मामीचे डोळे वाहत होते आणि मामा मुकाट्याने बाटलीचं झाकण उघडून तिच्यापुढे धरत होता.

"पोरी," ती म्हणाली, "गाडी तं थांबली. हे बी आले. मंग मी काहून रडून राह्यली व?"

कंडक्टरने पुन्हा घंटी मारली आणि गाडी सुटली.